बेकारी, बेरोजगारी आणि छुपी बेकारी

विट्याच्या एका वाचकांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत : ‘बेकारी’ आणि ‘बेरोजगारी’ यांत फरक कोणता, आणि करोनाच्या वर्षी अर्थव्यवस्था आक्रसूनही बेरोजगारीचा दर उतरल्याची बातमी आली, तर तिथे हा शब्द चुकीचा वापरला गेला काय?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दोन्ही शब्द फारसी घडणीचे असून अर्थाने एकच आहेत. मात्र ‘बेकार’ला ‘निरुपयोगी’ हा अर्थ चिकटल्यामुळे सरकारी कागदांत ‘बेरोजगार’ रुळला असावा.

दुसऱ्या प्रश्नात खरी मेख आहे. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार हा दर २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४.२ टक्क्यांवर आला. आकडा खोटा नव्हे, व्याख्या तशी आहे. टाळेबंदीत परमुलखातले कितीतरी गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळणारे कारागीर, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडे परतले. समजा, ज्या घरच्या द्राक्षबागेत विरळणीला तीन माणसे पुरत होती तिथे आता पाच जण राबू लागले, तरी बाग तेवढीच आणि माल तेवढाच. पण घरच्या शेतात बिनमोबदला राबणाराही पाहणीच्या लेखी कामावरच असतो. अशा स्थितीला ‘छुपी बेकारी’ म्हणतात. ही संज्ञा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३६ मध्ये वापरली ती मंदीत नोकरी गेल्यावर हलक्या कामावर भागवणाऱ्या पाश्चात्त्य कामगारांसाठी. आशियातल्या शेतीला ती पुढे लावली गेली.

१९९८ च्या आशियाई आर्थिक संकटात हेच दिसले. इंडोनेशियाचे उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी घटले, तरी बेरोजगारीचा दर जेमतेम एका टक्क्याच्या आसपास वाढला, कारण शहरातली माणसे शेतीकडे आणि किरकोळ धंद्यांकडे वळली. मार खाल्ला तो मजुरीच्या, महागाई वजा जाता उरणाऱ्या, खऱ्या मोलाने. पगारी नोकऱ्यांचे प्रमाण मोठे असलेल्या दक्षिण कोरियात मात्र दर सुमारे अडीच टक्क्यांवरून सात टक्क्यांच्या घरात गेला. जिथे बेकारभत्ता नाही तिथे रिकामे बसणे गरिबाला परवडत नाही. आपल्याकडे ‘पोरगं बसून आहे’ असे बहुधा शिकलेल्या मुलाबद्दलच ऐकू येते, ते उगाच नव्हे.

तेव्हा काम शोधूनही मिळत नसेल तर ‘बेरोजगारी’, हवे तेवढे तास काम मिळत नसेल तर ‘अर्धबेकारी’, आणि साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपल्यावर घरी बसावे लागणाऱ्या कामगारासाठी ‘हंगामी बेकारी’ असे लिहावे. वाचकांनी सांगितलेल्या बातमीत शब्द बरोबरच होता. त्याच्या शेजारी ‘छुपी बेकारी’ हवी होती.