बाबांची मायनर आणि क्लबचं निमंत्रण

प्रश्न : बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांची १९५४ची मॉरिस मायनर आता मी सांभाळते. महिन्यातून दोनदा चालवते, पण बॉनेटखालचं फारसं कळत नाही. बाबांच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाला ५० वर्षं होताहेत आणि त्या रात्रीच्या स्नेहभोजनाचं निमंत्रण माझ्या नावानं आलंय. सगळे जाणकार असतील. जावं का? गाडी न्यावी का? आधी तिला नवा रंग द्यावा का?

उत्तर : जा, आणि गाडी घेऊनच जा. निमंत्रण तुमच्या नावानं आलंय, म्हणजे त्यांनी तुम्हाला आपल्यात धरलंय.

रंगाचं मात्र मनातून काढून टाका. खिडकीच्या काठावर बाबांचं कोपर टेकून टेकून जिथे रंग झिजलाय, तो एकदा खरवडला की कुठलाही कारागीर परत आणून देऊ शकत नाही. गाडी स्वच्छ धुवा, काचा पुसा, पुरे.

त्याऐवजी घरात बाबांची वही सापडते का बघा. माझा एक मित्र गेल्यावर त्याची गाडी घेऊन मी अशाच एका जेवणाला गेलो होतो. पहिला तासभर कोपऱ्यात बसून होतो. मग त्याची नोंदवही टेबलावर काढून ठेवली. तेल कधी बदललं, प्लग कधी साफ केले, असल्या नोंदी. एका पानावर फक्त ‘पंप परत करणे’ एवढंच होतं. समोरचे आजोबा ते पान वाचून गप्प झाले. तो पंप त्यांचा होता. एका रॅलीत भर पावसात त्यांनी स्वतःच्या गाडीचा पंप काढून याला दिला होता आणि स्वतः दुसऱ्याच्या गाडीतून घरी गेले होते. मित्रानं हे मला कधीच सांगितलं नव्हतं. म्हणून आयोजकांना आधीच फोन करा आणि बाबांचे जुने सोबती ज्या टेबलावर असतील तिथेच जागा मागून घ्या.

बोलायचं काय, याची धास्ती नको. बॉनेटच्या मधोमध एक सपाट पट्टा दिसेल, तिथून सुरुवात करा. अ‍ॅलेक इसिगोनिस या मायनरच्या रचनाकारांना तयार झालेली नमुन्याची गाडी अरुंद वाटली, तेव्हा त्यांनी ती उभी कापून दोन्ही भाग लांब सरकवले आणि रुंदी चार इंच वाढवली. बंपर आधीच बनून बसले होते. म्हणून १९४८मध्ये आलेल्या पहिल्या गाड्यांच्या बंपरमध्येही चार इंचांचा तुकडा जोडलेला असायचा. तुमच्या गाडीची पुढची काच दोन तुकड्यांची आहे. १९५६पासून ती अखंड झाली. आणि तिला ‘विंटेज’ म्हणू नका, क्लासिक म्हणा. काटेकोर मंडळी १९१९ ते १९३०मधल्या गाड्यांनाच विंटेज म्हणतात.

खरी काळजी परतीच्या वाटेची. वीज बनवायला या गाडीला आजच्यासारखा अल्टरनेटर नाही, जुना डायनामो आहे. इंजिन मंद चालू असताना तो जवळजवळ काहीच वीज देत नाही. जेवण संपल्यावर फाटकाशी गाड्यांची रांग लागते, हेडलाइट चालू असतात आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. माझी गाडी एकदा अशीच रांगेत बंद पडली आहे. बॅटरी आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करा. रांगेत थांबलात तर हेडलाइट बंद करून फक्त छोटे दिवे ठेवा आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून धरा. दुसऱ्या गाडीवरून चालू करायची वेळ आलीच, तर मदतीला येणाऱ्याला आधी सांगा की हिच्यात बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, कोणी बदललं नसेल तर. दोन्ही गाड्यांची बॉडी एकमेकींना टेकू देऊ नका. वळताना दारामागच्या खांबातून बाहेर येणारा दिशादर्शक हात आजकाल कुणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा खिडकीतून स्वतःचा हातही दाखवा.

जेवणानंतर बाबांच्या वयाचं कोणी गाडीपाशी येऊन ‘जरा बसू का?’ म्हणालं, तर किल्ली त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारी बसा. किल्ली फिरली की इंजिनाला पेट्रोल पोहोचवणाऱ्या पंपाची टकटक सुरू होईल. ती मंदावून थांबेपर्यंत ते स्टार्टरला हात लावणार नाहीत, बघा.