शहरात जॅझ प्रत्यक्ष ऐकायचा आहे, पण त्या वर्तुळातलं कुणीच ओळखीचं नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की रेकॉर्ड्स भरपूर ऐकल्या, एका मोठ्या कॉन्सर्टलाही जाऊन आलात, पण मन काही भरलं नाही. आपल्या शहरात जॅझ मनापासून वाजवणारे लोक आहेत का आणि असले तर भेटतात कुठे, हा तुमचा खरा प्रश्न. गेली बारा-तेरा वर्षं मी याच नादात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी शनिवारचा मोह सोडा. शुक्रवार-शनिवारी वादक पोटापाण्यासाठी वाजवतात. लग्नं असतात, पार्ट्या असतात, तिथे पसंती समोरच्याची. स्वतःसाठी वाजवायला त्यांना सोमवार-मंगळवारच मिळतो. ही रीत जुनी आहे. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये सोमवारी सुट्टीवर असलेले वादक येऊन बसायचे. पियानोवर थेलोनियस मंक, ड्रम्सवर केनी क्लार्क. बीबॉप या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझ शैलीची घडण बरीचशी त्या जॅम सेशन्समध्ये, म्हणजे आयत्या वेळी जमून एकत्र वाजवण्याच्या बैठकींमध्ये झाली. पुढे फेब्रुवारी १९६६मध्ये न्यूयॉर्कच्याच व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये थॅड जोन्स आणि मेल लुइस यांचा बिग बँड, म्हणजे मोठा वाद्यवृंद, सुरू झाला, तोही सोमवारीच, कारण स्टुडिओत काम करणारे वादक त्या रात्री मोकळे असत. नाव बदललं, माणसं बदलली, तरी तो बँड आजही सोमवारी वाजवतो. तेव्हा तुमच्या शहरात आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री जॅम सेशन कुठे असतं, ते आधी शोधा.

तिथे गेल्यावर बेस, म्हणजे खालच्या स्वरांचं ते तंतुवाद्य, वाजवणाऱ्याचं नाव लक्षात ठेवा. गायिकेचं किंवा सॅक्सोफोनवाल्याचं नाव पोस्टरवर असतंच. पण चांगले बेसवादक कुठल्याही शहरात थोडेच असतात आणि प्रत्येक बँडला त्यांची गरज पडते. त्यामुळे एकच माणूस चार-पाच बँडमध्ये दिसतो. मी एका बेसवादकाच्या मागे वर्षभर फिरले आणि शहरातले झाडून सगळे जॅझवाले मला माहीत झाले.

आता ऐकायचं कसं. आपल्याकडे आवर्तन आणि सम कानात बसलेली असते, तिचा इथे फार उपयोग होतो. जॅझमधल्या बऱ्याच जुन्या धुना बत्तीस बारच्या असतात, प्रत्येक बार चार मात्रांचा. आठ-आठ बारचे चार भाग, त्यातला तिसरा वेगळा, त्याला ब्रिज म्हणतात. सुरुवातीला धून वाजते, मग त्याच चौकटीवर एकेक जण सोलो घेतो आणि शेवटी पुन्हा धून. एखाद्यानं स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला की समजायचं, आता धुनेवर परत यायचंय. ब्लूज असेल तर आवर्तन बारा बारचं. सुरुवातीला मांडीवर बोटं मोजत बसा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे मोजणं मला कशामुळे लागलं, ते सांगते. एका सोमवारी एक अगदी कोवळा मुलगा सॅक्सोफोन घेऊन वर चढला. धून नीट वाजवली, सोलोचं पहिलं आवर्तनही नीट गेलं. दुसऱ्यात तो हरवला. ब्रिज आला तरी त्याचं आधीच्याच भागात चाललेलं. माझ्या कानाला ते कळलं नाही, पियानोवाल्याकडे बघून कळलं. त्यानं मान वर केली, भरणा थांबवला आणि ब्रिजचा पहिला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, नेमक्या जागी, एकटाच, ठणठणीत वाजवला. ड्रमरनं त्याच मात्रेवर झांज मारली. मुलानं डोळे उघडले, दोन मात्रा गप्प राहिला आणि बरोबर जागेवरून आत शिरला. बेसवाला त्याच्याकडे बघून हसला, बास. १९३६च्या सुमाराला पुढे बीबॉपचा मोठा सॅक्सोफोनवादक झालेला चार्ली पार्कर पोरवयात कॅन्सस सिटीत असाच हरवला, तेव्हा ड्रमर जो जोन्सनं झांज काढून जमिनीवर आदळली, असा किस्सा वादक अजून सांगतात. मला त्या रात्रीचा पियानोवाला जास्त आवडतो. कॉन्सर्टच्या बाविसाव्या रांगेतून ही नजरानजर दिसत नाही. तिथे तुमचं मन भरलं नाही, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

एक कळकळीची विनंती. बेसचा सोलो सुरू झाला की आवाज उतरतो आणि लोकांना वाटतं, गप्पांची वेळ झाली. २५ जून १९६१ला व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये पियानोवादक बिल एव्हान्सच्या ट्रिओचं, म्हणजे तिघांच्या बँडचं, जे ध्वनिमुद्रण झालं, त्यातही ग्लासांची किणकिण आणि कुजबुज ऐकू येते. बेसवर होता स्कॉट लाफारो, वय २५. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. समोर बसून बोलत राहिलेल्या त्या माणसांची मला दर वेळी हळहळ वाटते. तुम्ही बोलू नका. शक्य तितकं बेसच्या जवळ बसा, डावा हात बघा.

आणि सेट संपला की लगेच उठू नका. वायरी गुंडाळताना वादक निवांत असतात. जाऊन बेसवाल्याला एवढंच विचारा, पुढे कुठे वाजवताय?