सहा चेंबर आणि चार जातींच्या गोळ्या

प्रश्न : ताई, माझ्या कादंबरीतलं लाकडी शहर खाडीत खांबांवर उभं आहे. नायकाकडे रिव्हॉल्व्हर आणि चार खास गोळ्या : भुतांसाठी चांदीची, आग लावणारी, आवाज न करणारी आणि सुटल्यावर रॉकेटसारखी वेग घेणारी. तरी मित्र म्हणतात, गोळीबार वाचताना जांभया येतात. आणखी प्रकार घालू का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : मुळीच नको. तुझं प्रकरण मी ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये वाचलं. खाडी छान उतरलीय, ओहोटीचा चिखल तर वासासकट. पण भूत आलं की चांदीची गोळी, बंद दार आलं की आगीची! रिव्हॉल्व्हर आहे की गारुड्याची पोतडी? अरे, चेंबर सहाच. कुठली गोळी कितव्या चेंबरमध्ये, हे मारामारीआधी ठरवावं लागतं, आणि अंदाज चुकला की चुकला. खरी गंमत तिथे होती आणि ती तू एका ओळीत उरकलीस.

मग प्रत्येक गोळीची खोड शोध. रॉकेटवालीच घे. १९६०च्या दशकात अमेरिकेत जायरोजेट नावाचं असं पिस्तूल खरंच निघालं होतं. त्याची गोळी नळीतून हळू निघायची आणि पुढे जाऊन जोर धरायची, त्यामुळे अगदी जवळच्या माणसावर ती लुळी पडायची. हे ठाऊक असलेला शत्रू पळणार नाही, थेट अंगावर येईल. फळकुटांच्या अरुंद पुलावर हा प्रसंग लिहून बघ. बिनआवाजी गोळीचंही तसंच : ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, त्यापुढे गेलेली गोळी हवेत कडाडणारच. तेव्हा ती संथ ठेव आणि लांबचा नेम विसर.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, चांदी ९६१ अंशांना. म्हणजे चांदीची गोळी घरच्या चुलीवर सहज ओतता येणार नाही. सोनार लागणार, आणि सोनार उधारी मांडून ठेवणार. हा सोनार मला तुझ्या नायकापेक्षा जास्त आवडेल, आत्ताच सांगते.

आगीची गोळी मात्र बेकायदा कर. १८६८च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्यात ४०० ग्रॅमपेक्षा हलके स्फोटक किंवा ज्वालाग्राही गोळे आपसातल्या युद्धात न वापरण्याचं अनेक देशांनी कबूल केलं होतं. तुझं शहर तर अख्खं लाकडाचं. नायकाच्या खिशात ती गोळी सापडली, तर शिपाई यायच्या आधी शेजारीच त्याला खाडीत ढकलतील.