गाईचं गोचिडाचं औषध घोडीला चालतं का?

प्रश्न : पंचवटीत आमच्या वरातीच्या दोन घोड्या आहेत, शेजारी गाईंचा गोठा. घोड्यांच्या कानांत आणि शेपटीच्या बुडाशी गोचीड झालेत. डेल्टामेथ्रिन एकदा मारलं, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच. गाईंसाठी आणलेलं अमिट्राझ फवारू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अमिट्राझ नको, पातळ करूनसुद्धा नको. त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, लीद तुंबते आणि पोटशूळ उठतो. चुकून पडलंच तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

डेल्टामेथ्रिनच ठेवा, डॉक्टरांना एकदा विचारून. मिलीमागे १२.५ मिलिग्रॅमची बाटली असेल तर लिटरभर पाण्यात २ मिली, आणि तेही सिरिंजने मोजून. झाकणाने अंदाजे ओतलेलं औषध कमी पडतं, चिवट गोचीड जगतात आणि पुढच्या खेपेला तेच औषध निकामी ठरतं. आधी खरारा करून धूळ काढा. सकाळी, अंगाला घाम नसताना फवारा. आयाळीची मुळं, मागच्या मांड्यांच्या आतली बाजू, शेपटीचं बूड भिजलं पाहिजे. वरवर पाठ ओली करून काही होत नाही. कानात फवारा मारू नका, पिळलेल्या फडक्याने आतून पुसा. जखमेवर औषध नको आणि अंग वाळल्याशिवाय खोगीर नको. उरलेलं पाणी गोदावरीत किंवा नाल्यात ओतू नका, मासे मरतात.

गोचीड परत येण्याचं खरं कारण तबेल्यात आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. म्हणून घोड्या बाहेर बांधून भिंती, गव्हाणीखालचे कोपरे आणि खुंट्यांची भोकं फवारा, मग भेगा सिमेंटने बुजवा. भेगांतले गोचीड जाळायला गवताजवळ टेंभा फिरवण्याचा उद्योग नको. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा, आणि त्याच दिवशी शेजारच्या गोठ्यातही फवारणी होऊ द्या; नाहीतर तिकडून पुरवठा चालूच राहील.

प्रश्न : चिकटलेला गोचीड बिडीच्या चटक्याने काढतात, ते बरोबर का?

उत्तर : नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका. काही गोचिडांतून माणसाला काँगो तापाची लागण होते. घोडीला १०१.५ फॅरनहाइटच्या वर ताप, हिरड्या फिकट किंवा पिवळट, लघवी गडद दिसली तर फवारणीत वेळ घालवू नका. गोचिडांमुळे होणाऱ्या रक्तातल्या आजाराची ही लक्षणं असू शकतात, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.