सायकॉलॉजीला प्रवेश घेतेस? आधी नोंदणीचं बघ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

बी.ए.ला मानसशास्त्र घ्यायचं ठरवलंस, आनंद वाटला. आता एक कर, रस्ता शेवटाकडून मोजत ये. पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', म्हणजे मानसिक आजारांची तपासणी आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, असं लिहायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. साध्या एम.ए. मानसशास्त्रावर ती मिळत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही आरसीआयच्याच मान्यतेवर उभी आहे.

आजवरची वाट अशी होती: एम.ए.ला किमान 55 टक्के, मग दोन वर्षं पूर्णवेळ एम.फिल., तेही वॉर्डात आणि ओपीडीत, मार्गदर्शकाच्या नजरेखाली. बंगळूरचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी या मानसिक आरोग्याच्या संस्था ही त्यातली मोठी नावं. पण यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022 च्या नियमावलीत एम.फिल. बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला मुदतवाढ मिळाली, ती 2025-26 पर्यंतच. म्हणून ही वाट तुझ्यासाठी नाही असं धरूनच चाल आणि आरसीआयमान्य एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजीकडे बघ. संस्था आरसीआयच्या यादीत आहे का, हे सगळेच बघतात. मान्यता ठरावीक मुदतीची असते. ती तुझ्या प्रवेशवर्षाला लागू आहे का, हे बघायचं राहतं आणि तिथेच फसगत होते.

घरबसल्या पदवीच्या मागे लागू नकोस. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन मानसशास्त्राला यूजीसीने मनाई केली आहे. सहा आठवड्यांच्या कौन्सेलिंग सर्टिफिकेटवरही आरसीआय नोंदणी होत नाही. शाळेतलं समुपदेशन, कंपनीतलं मनुष्यबळ विकास, संशोधन या वाटा वेगळ्या आहेत, कमी प्रतीच्या मुळीच नाहीत. कुठेही गेलीस तरी संख्याशास्त्र टाळू नकोस. चाचणीचा गुणांक समोर आला, की सरासरी आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

आणि केस लिहायला आतापासून शीक. 'रुग्ण उदास आहे' हा तुझा निष्कर्ष झाला. 'नजर खाली, प्रत्येक उत्तराआधी बराच वेळ थांबतो, म्हणतो, "कशातच जीव लागत नाही"' ही नोंद. कुणी 'जीव घाबरा होतो' म्हणालं, की लगेच 'ॲन्झायटी' लिहून मोकळी होऊ नकोस. एकाची छाती धडधडत असते, दुसऱ्याला नुसती चक्कर येत असते. नेमकं काय होतं, केव्हापासून, दिवसातून किती वेळा, हे विचार आणि उत्तर त्याच्याच शब्दांत उतरव. कॉलेजच्या प्रॅक्टिकल जर्नलपासूनच ही सवय लाव.

कळावे,
तुझे सर