वाचकांचे प्रश्न: समोरच्यानं हात सोडलाच नाही तर?

प्रश्न: ताई, आमची मुलगी पाचवीपासून कराटे शिकते. ब्राऊन बेल्ट आहे, जिल्हा स्पर्धेत दोन पदकंही मिळालीत. आता तिला नीटच्या तयारीसाठी लातूरला ठेवतोय. होस्टेल एकीकडं, मेस दुसरीकडं, क्लास सुटायला रात्रीचे नऊ. परवा आमच्याकडं 'रिअल सेल्फ डिफेन्स'चं तीन दिवसांचं शिबिर झालं. तिथले सर सगळ्यांसमोर म्हणाले, कराटे म्हणजे नाच, रस्त्यावर त्याचा शून्य उपयोग. लेकरू घरी येऊन रडलं. इतकी वर्षं वाया गेली का? आणि हे शिबिर पुन्हा लावावं का?
– एक आई, जिंतूर

जिंतूरच्या ताई, लेकराला आधी सांगा की काही वाया गेलेलं नाही. त्या सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे, फक्त उरलेलं अर्धं त्यांनी स्वतःला लावून बघितलं नाही.

स्पर्धेतला कराटेचा सामना कसा असतो, तुम्ही पाहिलाच असेल. ठोसा चेहऱ्यापाशी आवरायचा, गुण मिळाला की पंच 'यामे' म्हणणार, दोघी आपापल्या जागी परत. वर्षानुवर्षं हेच केलं की अंगाला सवय लागते, एक मारायचा आणि पंचाकडं बघायचं. ऑलिंपिकच्या नियमांच्या तायक्वांदोत तोंडावर ठोसा चालतच नाही, म्हणून त्यातली पोरं हात खाली सोडून नाचत असतात. नियम तसे, म्हणून सवय तशी. पण तुमच्या मुलीच्या डोळ्याला अंतर कळतं. समोरच्याचा हात आपल्यापर्यंत पोचेल की नाही, हे तिला विचार न करता कळतं. तीन दिवसांत हे कुणाचा बापही शिकवू शकत नाही.

आता शिबिर. डोळ्यात बोट, गळ्यावर हात, जांघेत गुडघा. यातलं जोडीदारावर खरंखुरं काय मारणार? म्हणून हवेत मारायचं आणि जोडीदारानं 'आई गं' म्हणत आडवं व्हायचं. ज्याला सर नाच म्हणाले तोच नाच, फक्त टी-शर्ट काळा.

हा वाद जुना आहे. जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुन्या जुजुत्सूतले जिवावर बेतणारे डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढले. डाव कमी झाले, पण जे उरले ते पूर्ण जोर लावून, अडवणाऱ्या माणसावर रोजच्या रोज करता यायला लागले. ज्युदोत त्याला रांदोरी म्हणतात. कोदोकानचाच मित्सुयो माएदा पुढं ब्राझीलला गेला, तिथं ग्रेसी घराण्यानं ही विद्या उचलली. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या गड्यांना एकमेकांशी भिडवणारी स्पर्धा झाली, तेव्हा रॉयस ग्रेसी नावाचा अंगानं किरकोळ गडी एकेकाला धरून, खाली नेऊन हरवत सुटला. इस्रायली सैन्यात शिकवली जाणारी क्राव मागा ही स्वसंरक्षणाची पद्धत बसवणारे इमी लिख्टेनफेल्डसुद्धा आधी कुस्ती-बॉक्सिंगचे खेळाडू. १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यूंवर चालून येणाऱ्या टोळ्यांशी हाणामारी करताना त्यांना खेळ आणि रस्ता यांतला फरक कळला. पाया मात्र खेळाचाच होता.

म्हणून मी क्लासचं नाव विचारत नाही. समोरचा खरंच अडवतो का, एवढंच बघते.

मी मुलींना स्वसंरक्षण शिकवते, त्या वर्गात मनगट सोडवणं पहिल्याच दिवशी येतं. अंगठ्याच्या बाजूनं पिळायचं, हात सुटतो, पोरी खूश. दुसऱ्या दिवशी मी भाच्याला बोलावते. तो मोंढ्यात पोती उचलतो. त्याला जाड जर्किन आणि हेल्मेट घालायला लावते आणि एकच सांगते, सोडायचं नाही. मागच्या तुकडीत चौदाजणींपैकी तिघींचाच हात सुटला. एक तर नुसती त्याच्या हाताकडं बघत उभी राहिली. तिथून खरा वर्ग सुरू होतो: नुसतं पिळून भागत नाही, आधी नडगीवर लाथ, मग सगळं अंग घेऊन मागं झटका, आणि तोंडानं आरडाओरडा. ओरडणं सगळ्यात अवघड जातं. 'मोठ्यानं बोलू नको' हे लहानपणापासून ऐकलेल्या पोरींच्या तोंडून 'ए, मागं सर!' निघायला आठवडा लागतो.

मी स्वतः ज्युदोची, राज्य स्पर्धेपर्यंत खेळलेली. तरी एका बसस्थानकावर रात्री गाडीत चढताना मागून कुणीतरी खांद्याची पर्स ओढली, तर मी दांड्याला धरून थिजले. ज्युदोत समोरचा आधी वाकून नमस्कार करतो. तिथं कुणी वाकलं नाही, आणि मी बहुतेक त्याचीच वाट बघत होते. छाती धडधडते, बोटं ऐकत नाहीत, नजर एकाच ठिकाणी अडकते. हे सगळ्यांना होतं, पदकवाल्यांनाही. म्हणून दमलेलं असताना, अंधारात, चुन्नी आणि पाठीवर सॅक असताना सराव करावा लागतो.

आणि खरं सांगू? ज्युदोतलं मी आयुष्यात सगळ्यात जास्त वापरलं ते पडणं. बार्शी रोडला वाळूवरून स्कूटी घसरली, तेव्हा हनुवटी आपोआप छातीला लागली आणि मी खांद्यावरून लोळले. कोपर सोलवटलं, डोकं वाचलं.

तर शिबिर पुन्हा नको. लेकीचं कराटे चालू राहू द्या, आणि लातुरात आठवड्यातून दोनदा ज्युदो किंवा कुस्ती मिळत असेल तर बघा. कुणी धरलं तर काय, ही कराटेतली उणीव तिथं भरून निघेल. नाव घालायच्या आधी तुम्ही स्वतः एक तास बसून बघा. जोडीदार तासभर नुसता पडतच असेल तर चहा पिऊन परत या. आणि पहिल्या आठवड्यात क्लास ते मेस ते होस्टेल हा रस्ता रात्री नऊ वाजता लेकीबरोबर चालून बघा. कुठलं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं, दिवे कुठं नाहीत, हे तिला माहीत पाहिजे. ११२ नंबर फोनमध्ये असतोच, पण तो लावायची सवय नसते.

प्रश्न: मी तालमीत सहा वर्षं आहे. मित्र म्हणतात, माती काय कामाची, कुणी ठोसा मारला तर तू आडवा. खरं का?
– एक पैलवान, अंबाजोगाई

ठोशापुरतं खरं आहे. ठोसा येताना डोळे मिटू नयेत एवढ्यासाठी चार महिने बॉक्सिंग कर, वस्तादांना विचारून. बाकी तू रोज संध्याकाळी अशा माणसाशी झगडतोस जो तुला जिंकू द्यायला तयार नाही, ते तुझ्या मित्रांपैकी किती जण करतात?

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेव. पाठ लागू नये म्हणून पैलवान पोटावर पालथा होतो. रस्त्यावर तसा झालास तर लाथा डोक्यात बसतील. तिथं खाली पडलास की आधी उठायचं. दुसरी गोष्ट जास्त काळजीची. मातीत ढाक, म्हणजे उचलून आपटायचा डाव, मारली तर समोरचा धूळ झटकून उठतो, सिमेंटवर तीच ढाक माणूस मारू शकते. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, आणि ३७ वं स्पष्ट सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. तो पळाला की तुझा हक्क संपला. मागं धावून मारलंस तर आरोपी तू. आणि तुझ्यासारख्याच्या बाबतीत गावातला प्रत्येकजण साक्ष देईल की हा पैलवान आहे, याला आपली ताकद माहीत होती.

प्रश्न: शाळेतल्या मुलांना गतका, लाठी, दांडपट्टा शिकवावा असं आम्हा काही निवृत्त शिक्षकांना वाटतं. स्वसंरक्षणाला उपयोग होईल का?
– एक वाचक, नांदेड

जरूर शिकवा, फक्त पत्रकावर 'स्वसंरक्षण' छापू नका. हजूर साहिबला होला मोहल्ल्याच्या सणात गतका, म्हणजे शिखांची काठी-तलवारीची कला, खेळणाऱ्यांचे पाय बघा, तो तोल वर्षांच्या मेहनतीचा असतो. दांडपट्ट्याला तर २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला, पण तो घेऊन कुणी ट्यूशनला जात नाही. लाठीचं थोडं वेगळं. माझे आजोबा रानात जाताना छातीइतकी काठी घेऊन निघायचे. कुत्री अंगावर आली तर फिरवत बसायचे नाहीत, नुसतं टोक पुढं धरून मागं मागं सरकत बांधापर्यंत यायचे. मुलांना तेवढं पहिल्या दिवशी शिकवा, फिरवणं नंतर.