हबला ‘तुंबा’ म्हणावं का?

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. जुन्या लष्करी ट्रकची मागची जोडचाकं काढून एकेरी मोठी चाकं बसवण्याची माहिती ते मराठीत लिहीत आहेत. ‘हब उलटा करून बसवा’ या वाक्यातल्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, चक्रनाभी म्हणावं की तुंबा?

तुंबा म्हणा. नाभी हा शब्द शुद्ध असला तरी गॅरेजमध्ये कोणाच्या तोंडी नाही. बैलगाडीचा तुंबा मात्र अर्थानेही इथे नेमका बसतो. बैलगाडीचा कणा, म्हणजे चाकांमधला आडवा दांडा, फिरत नाही. तो ओझं पेलतो आणि त्याच्यावर तुंबा फिरतो. जड ट्रकच्या मागच्या बाजूला हेच असतं. हाउसिंगची, म्हणजे शाफ्टभोवतीच्या कवचाची, नळी स्थिर राहते आणि तिच्यावर दोन टेपर (निमुळत्या) बेरिंगांवर हब फिरतो. आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो, वजन घेत नाही. म्हणून तर शाफ्टच्या टोकाच्या चकतीचे (फ्लँजचे) बोल्ट सोडले की चाक जमिनीवर असतानाच शाफ्ट बाहेर ओढता येतो. ‘एक्सल काढला’ म्हणतात तेव्हा खरं तर हा शाफ्टच काढलेला असतो. लेखात कणा आणि शाफ्ट हे दोन शब्द वेगळे ठेवा, नाहीतर वाचणारा भलतंच खोलेल.

‘हब उलटा’ हे मात्र तपासा. बहुतेक ट्रकांत आतल्या आणि बाहेरच्या बेरिंगांची मापं वेगळी असतात, त्यामुळे हब उलट्या तोंडाने बसत नाही. अमेरिकी एम-३५ सारख्या काही लष्करी ट्रकांत हब खरंच उलटवतात. बाकीच्यांत उलटते ती डिस्क, म्हणजे रिमला हबशी जोडणारी तबकडी. तिचा खोलगटपणा आत की बाहेर, यावर चाक किती बाहेर येईल ते ठरतं. फार बाहेर आलं की भार दोन बेरिंगांच्या मधून सरकून बाहेरच्या बेरिंगवर पडतो आणि ते लवकर जातं. डिस्क उलटल्यावर नटाच्या बाजूला छिद्राची उतरती खोबण आहे ना, हेही बघायला सांगा. ती नसेल तर नट कडेवर टेकतो, ढिला पडतो आणि छिद्र लांबट होतं. काही ट्रकांच्या डाव्या बाजूला डावे आटे असतात, म्हणजे नट उलट्या दिशेने आवळतो, हेही लिहा.

जोडचाकांऐवजी एकेरी चाकं का, हे सांगायला मराठीत तयार शब्द आहे: चाकोरी. जोडचाकातलं एक पुढच्या चाकाच्या चाकोरीच्या आत पडतं, दुसरं बाहेर. चिखलात, वाळूत दोघांनाही नवी वाट दाबावी लागते. एकेरी चाक पुढच्याच चाकोरीत चालतं. अमेरिकी अडीच टनी ट्रकांत म्हणूनच दोन्ही प्रकार होते: एम-३४ ला मागे एकेरी चाकं, एम-३५ ला जोडचाकं.

याची किंमत वजनात मोजावी लागते. १०.०० आर २० टायरवर १४६/१४३ असा आकडा असेल, तर एकेरी टायर ३००० किलो पेलतो आणि जोडीतला प्रत्येक २७२५. म्हणजे एका बाजूची ताकद ५४५० वरून ३००० वर येते. म्हणून ‘मोठं’ एवढंच लिहून भागत नाही, टायरचा भारांक, म्हणजे हा वजनाचा आकडा, लिहा.

तुमच्या ट्रकचा हब उलटत नसेल तर तुमचं वाक्य असं करता येईल: ‘तुंबा जागेवरच ठेवा, डिस्क उलटी बसवा, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि पहिल्या ८० ते १६० किलोमीटरांनंतर पुन्हा आवळा.’